कृष्णाकाठचा लाल बावटा कुणाचा?

कृष्णाकाठच्या साम्यवादाचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो: अमेरिका-रशियाच्या झुंजीत इथले लाल बावटेवाले मॉस्कोच्या तालावर नाचत होते. महायुद्धानंतर चार दशके जग दोन छावण्यांत वाटले गेले. तेव्हा येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आणि वाटेगावचे शाहीर अण्णा भाऊ साठे हीही त्यांतल्या एका छावणीची प्यादी, असा हा सरळसोट हिशेब. तो साफ चुकीचा आहे, कारण त्यात सालेच जुळत नाहीत.

हिटलरने रशियावर चाल केल्यावर इंग्रज रशियाचे दोस्त झाले आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाने त्या युद्धाला लोकयुद्ध ठरवून 1942 च्या ‘चले जाव’ला विरोध केला. इथे मॉस्कोची ओढ उघड दिसते, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वर्षांत जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, नाना पाटील भूमिगत राहून इंग्रजांना आव्हान देत होते. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली, कुंडलच्या परिसरात तुफान सेना हे लढाऊ दल उभे राहिले आणि 1946 पर्यंत इंग्रज राजवटीला समांतर असे प्रतिसरकार चालले. न्यायदान मंडळे गावातच बसत, जमिनीचे नि कर्जाचे तंटे तिथेच मिटत, मानपान टाळून गांधी पद्धतीने लग्ने लागत. खबऱ्यांच्या नि गावगुंडांच्या तळपायांवर फटके बसत. हे सगळे पक्षाच्या तेव्हाच्या धोरणाच्या थेट विरोधात जाणारे होते. नाना पुढे आधी शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. इंग्रज गेले तरी कुळाचा आणि कर्जाचा प्रश्न जागच्या जागी राहिला होता. त्यांच्या पक्षांतराचे कारण शोधायचे तर ते इथल्या शिवारात शोधले पाहिजे.

आक्षेपकांचा खरा धारदार मुद्दा 1957 चा आहे. नोव्हेंबर 1956 मध्ये रशियन रणगाड्यांनी बुडापेस्टचा उठाव चिरडला. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने रशियाची पाठराखण केली, ती अक्षम्यच होती. आणि काही महिन्यांतच साताऱ्याने कम्युनिस्ट नानांना लोकसभेत पाठवले. मग साताऱ्याने रणगाड्यांना कौल दिला का? ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईसह महाराष्ट्रासाठी लढवली होती. त्याच लाटेत कराडला खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण जेमतेम तरले. 1 मे 1960 ला राज्य मिळाले आणि 1962 च्या निवडणुकीत साताऱ्याने काँग्रेसच्या किसन वीरांना निवडून दिले. चीनचे आक्रमण त्यानंतर, ऑक्टोबरात झाले. तेव्हा बीजिंगला भिऊन मते फिरली असेही म्हणता येत नाही. लोकांचा प्रश्न सुटला, मते बदलली.

राहिले अण्णा भाऊ. त्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, 1961 मध्ये रशियाला जाऊन आले आणि भारावून लिहिले. तिथल्या दडपशाहीकडे त्यांची नजर गेली नाही, ही उणीव मान्य केलीच पाहिजे. पण भारावणे वेगळे आणि बांधील असणे वेगळे. 1959 ची ‘फकिरा’ कादंबरी वाटेगावच्या मांगवाड्यातून उभी राहते. तिचा नायक कारखान्यातला कामगार नाही, उपासमारीत वस्ती जगवण्यासाठी धान्य लुटणारा मांग आहे. ही कादंबरी अण्णा भाऊंनी अर्पण केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. बाबासाहेब कम्युनिस्टांचे परखड टीकाकार होते, आणि 1956 मध्ये काठमांडूच्या भाषणात त्यांनी मार्क्सऐवजी बुद्धाचा मार्ग जाहीरपणे मांडला होता. हे माहीत असताना पक्षाच्या कार्यकर्त्याने ती अर्पणपत्रिका छापली.