ताईचा लॅपटॉप मी ‘सुधारला’!

खानदानात एकदा का ‘ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी अफवा पसरली, की मग तुमची सुटका नाही बॉस! दिवाळी असो नाहीतर साखरपुडा, चहाच्या कपासोबत कुणाचा तरी लॅपटॉप समोर येतोच. मी तर मासकॉमवाला. माझं टेक्निकल ज्ञान म्हणजे वायफाय बंद करून पुन्हा चालू करणे. पण फुकटचा भाव खायला कुणाला आवडत नाही?

२०२५ च्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो, कोरीटला. नंदुरबार तालुक्यातलं गाव. फराळाची डिश हातात पडते न पडते तोच ताईने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, तिचा लॅपटॉप पुढे केला. ताई गावात टायपिंगची कामं घेते. अर्ज, बचत गटाचे ठराव, लग्नपत्रिकेचा मजकूर, असं सगळं.

‘‘हा रोज काहीतरी धमकी देतोय. बघ ना जरा.’’

धमकी खरी होती. लॅपटॉप सेकंडहँड, सहाव्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. म्हणजे मशीन चालतं, पण सुरक्षेचे नवे अपडेट्स आपोआप यायचे ते बंद. मग विंडोज ११ टाकू? त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. ताईचं मशीन प्रवेश परीक्षेतच नापास! काही जण जुगाड करून ११ घुसवतात, पण अशा मशीनला पुढचे अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

झालं, माझ्यातला हीरो जागा झाला. लिनक्स मिंट! फुकट, हलकं, आणि २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट्स. ताईच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या, विंडोज पुसलं, मिंट टाकलं. लॅपटॉप असा काही पळायला लागला की विचारू नका. त्या रात्री मी कॉलर टाइट करून झोपलो.

सकाळी ताईची हाक आली. बचत गटाच्या कर्जाची फाइल उघडली होती आणि स्क्रीनवर मराठी नव्हतंच! इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची नुसती भेळ. सुट्टी संपली की ती फाइल बँकेत द्यायची होती.

प्रकार असा की, जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये कॉम्प्युटर मराठी अक्षर साठवतच नाही. तो साठवतो इंग्रजी अक्षराचा नंबर आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे नंबर आहेत, तेही १९९१ पासून. पण आपल्याकडच्या डीटीपीच्या धंद्यात वर्षानुवर्षं जुनेच फॉन्ट चालत आले. ताईने सगळं त्यातच टाइप केलेलं. बरं, नुसता फॉन्ट आणून टाकला असता तर अक्षरं दिसली असती, पण तिचं टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. आणि तिची बोटं बसलेली टाइपरायटरच्या कीबोर्डवर.

ताई चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘लॅपटॉप पळायला लागला रे, पण माझे हात थांबले ना.’’

यार, सॉलिड लागलं ते! तिला काय काम करायचंय हे मी विचारलंच नव्हतं. मशीन बघितलं, माणूस बघितलाच नाही.

मग उलटा प्रवास. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विंडोज १० पुन्हा डाउनलोड. नशिबाने लायसन्सचा प्रश्न आला नाही. एकदा अ‍ॅक्टिव्हेट झालेल्या विंडोज १० चं डिजिटल लायसन्स त्या मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं, त्यामुळे की टाकावी लागली नाही. फॉन्टच्या सॉफ्टवेअरची फाइल ताईने वेगळ्या पेनड्राइव्हवर जपून ठेवली होती. ही अक्कल तिची, माझी नव्हे! सपोर्ट संपलेल्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट्सची योजना काढली होती. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचं बॅकअप चालू ठेवलं की त्याचे पैसे पडत नव्हते. तिथे नाव नोंदवलं. फाइल वेळेत बँकेत गेली.

मिळालेली मुदत वापरायची कशाला, हेही ताईनेच ठरवलं: जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये करायला. ज्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तिथेही आता कितीतरी अर्ज ऑनलाइनच भरायचे असतात. आणि तिथे मराठी लिहायचं तर युनिकोडच लागतं. ते झालं की मग लिनक्स असो नाहीतर आणखी काही, मराठी मराठीच दिसेल.

तर मंडळी, जुन्या लॅपटॉपवर हात चालवण्याआधी माझा नवा फंडा ऐका. एक, वापरणाऱ्याला विचारा, तू रोज काय काय उघडतेस? दोन, फाइल्ससोबत फॉन्ट आणि सॉफ्टवेअरचीही कॉपी घ्या, आणि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. तीन, नवी सिस्टिम आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. मिंट तसं चालतं, आतलं काही न पुसता. मी ही पायरी गाळली नसती तर सगळा ड्रामा टळला असता. चार, सेकंडहँड घेताना आधीच्या मालकाचा बायोस पासवर्ड आणि कंपनीचं लॉक काढलंय ना, हे पैसे देण्याआधी बघा.

नंतर ताईचा फोन आला. निम्म्या फाइल्स युनिकोडमध्ये झाल्या होत्या. कन्व्हर्टर रफार खातो म्हणून एकेक ओळ वाचून काढत होती. ‘‘कर्जाचं कज करून ठेवतो मेला,’’ म्हणाली. मी लगेच म्हटलं, येऊ का मदतीला?

‘‘ये ना. फराळ खा, गप्पा मार. लॅपटॉप कपाटात ठेवते मी.’’