उपास सोडून रक्तदान

ऑक्टोबरची पहिली तारीख आपल्या गोंदिया जिल्ह्यात येते तेव्हा हलके धान पिवळे पडू लागलेले असते, भारी धान अजून दाणा भरत असते, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाण्यावर शिंगाड्याच्या वेली पसरलेल्या असतात आणि देवीचे घट काही वर्षी बसलेले असतात, नाहीतर अजून बसायचे असतात. २०२५ साली तर ही तारीख नेमकी महानवमीला आली. हाच दिवस देशभर राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन म्हणून पाळला जातो. चंडीगडचे रक्तसंक्रमण तज्ज्ञ डॉ. जयगोपाल जॉली यांच्या जन्मदिनाचे निमित्त करून १९७५पासून ही प्रथा पडली. मांडवात आरती आणि शेजारच्या सभागृहात रक्तदान शिबिर, हे दृश्य आता आपल्याला नवे राहिलेले नाही.

उपास आणि रक्तदान या दोहोंत आपले काही सोडून देण्याचा भाव आहे, म्हणूनच ते एकाच दिवशी केले तर पुण्य दुणावेल असे आपल्या भाबड्या मनाला वाटते. रक्तपेढीचा नियम मात्र इथे निःसंदिग्ध आहे. दाता उपाशी नसावा, त्या दिवशी त्याचा उपासही नसावा, आणि रक्त देण्याआधीच्या चार तासांत त्याने जेवलेले असावे. साबुदाण्याची खिचडी खाल्ली की झाले, असे कोणी म्हणेल. खिचडीने पोट भरते हे खरे, पण नऊ दिवस पाणी कमी, झोप कमी, फराळ तेलकट आणि त्यावर मध्यरात्रीपर्यंत गरबा अशा शरीरातून सकाळी साडेतीनशे मिलिलिटर रक्त काढले, तर खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणारच. रक्तदानासाठी उपास सोडण्यात देवीला काही गैर वाटेल असे आम्हाला तरी वाटत नाही. म्हणून रक्त द्यायचे असेल तर त्या दिवशी उपास सोडावा, नाहीतर पारण्यानंतर दोन दिवसांनी यावे.

हल्ली उपासाला एक नवे भावंड आले आहे, ते म्हणजे डाएट. त्यात एकादशी-चतुर्थी नाही, उद्यापन नाही, आहे तो फक्त वजनकाटा. धानाच्या जिल्ह्यात भातच वर्ज्य करणारी मंडळी वाढत चालली आहेत, आणि गिरण्यांच्या या गावात भात न खाणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरावे, याची थोडी गंमतही वाटते. वजन घटवू नये असे कोणी म्हणत नाही. मधुमेह आणि रक्तदाब घरोघर शिरलेले असताना ते घटवणे शहाणपणाचेच आहे. पण भात-पोळी एकदम तोडली की पहिल्या आठवड्यात जे वजन उतरते, त्यात चरबीपेक्षा पाण्याचा आणि मिठाचा वाटा मोठा असतो. असे आधीच सुकलेले शरीर रक्त देताना लवकर भोवळते. आणि रक्त दिल्याने वजन उतरते, ही समजूत तर साफ खोटी. साडेतीनशे मिलिलिटर रक्ताचे वजन सुमारे ३७० ग्रॅम. त्यातला द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो आणि काटा पुन्हा पूर्वीच्या जागी जातो.

भरून यायला वेळ लागतो तो लोहाला. एका वेळच्या रक्तासोबत सुमारे दीडशे मिलिग्रॅम लोह जाते, आणि अन्नातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेते. दोन रक्तदानांत पुरुषाने ९० आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवायचे, ते यासाठीच. घरी कितीही ओढाताण असली तरी बियाण्याच्या धानाला शेतकरी हात लावत नाही. कमी खाणाऱ्या शरीरातून पुनःपुन्हा रक्त देणे म्हणजे त्याच कणगीत हात घालणे. म्हणून ज्यांना वजन उतरवायचे आहे आणि रक्तही द्यायचे आहे, त्यांनी रक्तदानाच्या आठवड्यात तरी हात आखडू नये. डाळ, हरभरा, हिरव्या पालेभाज्या, चालत असेल त्यांनी तलावाची मासळी किंवा अंडी, वर लिंबाची फोड किंवा आवळा, आणि जेवणाला लागून चहा नको, कारण चहा लोहाला अडवतो. त्या दिवशी सकाळी दोन पेले पाणी जास्तीचे प्यावे. तूप-साखर वाढवण्याचे काहीच कारण नाही.

पात्रतेच्या अटीही डाएट करणाऱ्यांनी नीट लक्षात घ्याव्यात. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. काट्यावर ४६ भरणारी मुलगी आणखी दोन किलो उतरवायच्या मागे असेल, तर तिने त्या शिबिरातून आनंदाने परत फिरावे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवून दिले आहे. शिबिरातून हिमोग्लोबिनमुळे परत पाठवलेली बाई म्हणजे वेळेवर सापडलेला आजार आहे. तिला बिस्किटाचा पुडा देऊन वाटेला लावणाऱ्या आयोजकांनी आरोग्य केंद्राचा रस्ताही दाखवला पाहिजे.

व्यायामाचेही तसेच. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी आपली मुले शिबिरात सर्वांत आधी बाही वर करतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण १६०० मीटरची चाचणी पंधरा दिवसांवर आली असताना रक्त देणे शहाणपणाचे नाही. लाल पेशी पूर्ववत व्हायला चार-सहा आठवडे लागतात आणि तोवर दम लवकर लागतो. इतरांनी एक दिवस धावणे, वजने उचलणे टाळले, सुई टोचलेल्या हाताने जड ओझे घेतले नाही, की पुरे. जिमला जाणाऱ्यांना हे सांगायला सगळेच असतात. ज्या बाईला दुसऱ्या दिवशी कापणीला वाकायचे आहे किंवा ज्या माणसाला गिरणीत पोती वाहायची आहेत, त्यांचा व्यायाम मात्र कोणी व्यायाम म्हणून मोजत नाही. त्यांनाही तो एक दिवस मिळाला पाहिजे. शिबिराची तारीख ठरवताना मंडळांनी हंगाम पाहावा.

हे सगळे कशासाठी, तर आपल्या भागात रक्ताची गरज पडणारे सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि रक्त विकणारा दाता १ जानेवारी १९९८पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कायमचा बंद झाला आहे. उरलो ते आपणच. साठवलेले रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकते, त्यामुळे सणासुदीला एकाच आठवड्यात गोळा झालेल्या पिशव्या मे महिन्यातल्या रुग्णाला उपयोगाच्या नाहीत, आणि उन्हाळ्यात तर शिबिरेही ओस पडतात. १ ऑक्टोबरला ज्या पुरुषाने रक्त दिले त्याला पुढे ३० डिसेंबरला देता येते, स्त्रीला २९ जानेवारीला. मंडळांनी प्रमाणपत्राच्या मागे ही तारीख लिहून द्यावी, आणि निम्म्या दात्यांचे रक्त या वेळी न घेता त्यांची नावे एप्रिल-मेसाठी राखून ठेवावीत.