करार छोटा ठेवा, सोय बाहेर लिहा



संगणक छंदवर्गात गेल्या सत्रात मुलांनी ग्रंथालयाचा प्रकल्प केला. पुस्तक, मासिक आणि सीडी असे तीन क्लास तीन गटांनी सी शार्प भाषेत लिहिले. तिघांनी मिळून एक इंटरफेस ठरवला. इंटरफेस म्हणजे करारच: प्रत्येक वस्तूने आपली परतीची तारीख सांगायची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एका गटाला ‘किती दिवस उशीर झाला’ हेही हवे झाले. त्यांनी ते सरळ करारात घातले. झाले! बाकी दोघांचे क्लास करारात बसेनात, प्रोग्राम कंपाईल होईना. सोय एकाची, धावपळ सगळ्यांची.

खरे तर उशीर काढायला परतीची तारीख पुरेशी होती. अशा कामासाठी सी शार्पमध्ये २००७ पासून एक्स्टेन्शन मेथड आहे. ती इंटरफेसच्या बाहेर, स्टॅटिक क्लासमध्ये लिहितात. पहिल्या पॅरामीटरआधी ‘धिस’ हा शब्द लिहिला की ती त्या इंटरफेसचीच असल्यासारखी वापरता येते. एकदा लिहिली की तिन्ही क्लासना मिळते, कोणाच्याही कोडला हात लावावा लागत नाही. सी शार्पचा ‘आयईन्यूमरेबल’ हा इंटरफेसही फक्त घटक एकामागून एक मागतो. निवडणे, क्रम लावणे, मोजणे या सोयी त्याला अशाच बाहेरून मिळाल्या आहेत.

मात्र हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. उद्या मासिकांसाठी सुट्टीचे दिवस वगळायचे ठरले, तर उशिराचा नियम वस्तूगणिक बदलेल. एक्स्टेन्शन मेथड क्लासला ओव्हरराइड करता येत नाही. अशा वेळी ती कृती करारातच हवी. २०१९ च्या सी शार्प ८ पासून इंटरफेसमध्ये तयार कृती देता येते, म्हणजे जुने क्लासही अडत नाहीत.

म्हणून मुलांनो, करारात भर घालण्यापूर्वी स्वतःला विचारा: याचे उत्तर सर्वांसाठी एकाच रीतीने निघते का? निघत असेल तर ते बाहेर लिहा.

विश्वस्त आणि पालकांना एक विनंती. प्रदर्शनात पडद्यावरची रंगीत चित्रे पाहून आपण शाबासकी देता, ती मुलांना हवीच असते. पण सोबत एवढेही विचारा, “हे इथेच का लिहिलेस?” दुसऱ्याच्या कामाला धक्का न लावता आपले काम वाढवणे, हे शिकले तरच प्रकल्प शिकला, असे मला वाटते.

— संगणक शिक्षक