नळ सरकारचा, गळती घरची



पनवेल तालुक्यातल्या शेतकऱ्याला पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि एप्रिल उजाडला की बायकांच्या डोक्यावर हंडा चढतो. देहरंगचे पाणी पनवेल शहराला, हेटवण्याचे सिडकोच्या वसाहतींना, मोरब्याचे नवी मुंबईला. डोंगर आमचे, जमिनी आमच्या आणि पाणी दुसऱ्याचे, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. ती सोडायची नाही. पण आज बोलायचे आहे ते आपल्या दारापर्यंत येऊन पोचलेल्या आणि तिथेच वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून जलजीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी. मुदत २०२४ ची होती, ती पुढे २०२८ पर्यंत वाढवली. आता साधा हिशोब करा. पाच माणसांच्या घराला रोजचा वाटा २७५ लिटर. त्याच घरात छपरावरच्या टाकीला जोडलेली एक तोटी अशी गळते आहे, की पाच मिनिटांत एक लिटरची बाटली भरते. तासाला १२ लिटर, दिवसाला २८८ लिटर. म्हणजे सरकारने अख्ख्या कुटुंबासाठी मोजलेले पाणी एका तोटीने गटारात घातले. दोष कुणाचा? बहुतेक वेळा आतला रबरी वायसर झिजलेला असतो. काही रुपयांची वस्तू आणि दहा मिनिटांचे काम.

मग ते काम का होत नाही? शेतकऱ्याला हाताचे काम येत नाही, असे कोणी म्हणू नये. हाच गडी रात्री विहिरीवर जातो, पंपाचा फुटव्हॉल्व्ह काढून साफ करतो, इंजिन खोलतो, फुटलेला पाइप जोडून पहाटेपर्यंत भाजीला पाणी देतो. तोच घरात तोटी गळू लागली की चिंधी बांधतो आणि खाली बादली ठेवतो. कारण पंप त्याचा आहे, नळ मात्र सरकारचा! ठेकेदाराने पाइप टाकला, फोटो काढला, बिल लावले आणि गेला. दुरुस्ती कोणी करायची, हे ना त्याने सांगितले, ना आपण विचारले. नळ फुकट आला म्हणून आपण त्याचे मालक झालो नाही, आणि मालक नसलेली वस्तू टिकत नाही.

पनवेलहून प्लंबर बोलवावा, तर तो येत नाही. वायसर बदलायला तो वीस किलोमीटर का येईल? शहरात टॉवर उभे राहत आहेत, तिथे त्याला दिवसभराचे काम आहे. त्याच्या नावाने बोटे मोडू नयेत. आपण घामाचे दाम मागतो, तसे तोही मागतो. त्याचा रोज एका घराला परवडत नाही, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर गावाने मिळून काढायचे आहे.

गळतीत फक्त पाणी जाते असेही नाही. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो, आणि जिथे तडा असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाइप गटारातून गेला असेल तर काय आत जाते ते सांगायला नको. त्यात कोणी नळालाच थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते. मोटरवाल्याची टाकी भरते, शेवटच्या घराला थेंब मिळत नाही, आणि कावीळ, जुलाब सगळ्या आळीला होतात. शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी ओढून घेणे ही हुशारी नव्हे, चोरी आहे. आपल्यातला माणूस करतो म्हणून ती झाकायची नाही.

तेव्हा प्रत्येक घराने काही गोष्टी कराव्यात. पहिली, पाणी जिथून घरात शिरते तिथे बंद करायचा कॉक असलाच पाहिजे. तो लादीखाली गाडू नये. महिन्यातून एकदा फिरवावा, नाहीतर गरजेच्या दिवशी जाम झालेला असतो. तो कुठे आहे हे घरातल्या बाईला आणि शाळकरी पोराला माहीत हवे. पाइप फुटतो तेव्हा कर्ता पुरुष बाजारात असतो. दुसरी, पाइप फुटला की आधी कॉक बंद. मोटरजवळ पाणी साचले असेल तर पाण्यात पाय टाकण्याआधी विजेचा मेन स्विच बंद. जीआय पाइपला भोक पडले तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी आणि वर क्लिप आवळावी. पण ही मलमपट्टी आहे, दोन दिवसांत तुकडा बदलावा. पीव्हीसी पाइप फुटला तर फुटका भाग कापून, टोके कोरडी करून सोल्युशनने सॉकेट बसवावे आणि ते पुरते सुकल्याशिवाय पाणी सोडू नये. पूर्वी आट्यांना सुतळी-सफेदा लावत, आता टेफलॉन टेप मिळते. ती आट्या आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावी. तिसरी, पीव्हीसी पाइप उन्हात उघडा ठेवला की ठिसूळ होतो, आणि खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत लोखंडी पाइप लवकर गंजतो. पाइप निवडताना हे ध्यानात ठेवावे. दुरुस्तीनंतरचे पहिले पाणी वाहू द्यावे, पिऊ नये.

एवढे घराचे. बाकीचे गावाचे. समजा गावात ३०० घरे आहेत. घरामागे महिना २० रुपये काढले तर ६,००० रुपये होतात. गावातल्याच एका होतकरू पोराला किंवा पोरीला दुरुस्तीसाठी बांधून घ्यायला ही चांगली सुरुवात आहे. केंद्र सरकारचा ‘नल जल मित्र’ कार्यक्रम याच कामाचे शिक्षण देण्यासाठी आहे. आपल्या गावातून कोणाचे नाव गेले, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. त्या सह्यांपुरत्या आहेत की व्हॉल्व्हची किल्ली त्यांच्या हातात आहे, तेही विचारा.

कोणी म्हणेल, पाणीपट्टी आम्ही भरायची आणि पानाही आम्हीच हातात घ्यायचा, मग सरकारने काय करायचे? प्रश्न रास्त आहे. उद्भव, टाकी आणि गावातली मुख्य लाइन ही जबाबदारी त्यांचीच, तिचा हिशोब आपण सोडणार नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतीला घटनेचा आधार मिळाला आणि पंचायतीकडे सोपवायच्या विषयांत पिण्याचे पाणी आहे. पण रात्री दोन वाजता फुटलेला पाइप अर्जाची वाट बघत नाही. आणि ज्याला आपल्या लाइनची माहिती आहे त्यालाच ठेकेदाराने हलका पाइप कुठे टाकला, तो वीतभर खोलीवर का पुरला, हे बोट ठेवून विचारता येते. अडाण्याची तक्रार फाइलमध्ये जाते, जाणकाराची तक्रार टाळता येत नाही.

२०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा २९ गावे तिच्यात गेली. तिथल्या भावांना ग्रामसभा उरली नाही. त्यांनी आळीनिहाय गट करून प्रभाग कार्यालयात एकत्र जावे. एकट्याने खेटे घालू नयेत.

ज्यांच्याकडे ग्रामपंचायत आहे त्यांनी येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडावेत. गावातले सर्व व्हॉल्व्ह आणि लाइन दाखवणारा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावावा. पाने, करवत, वायसर, सॉकेट यांची एक पेटी पंचायतीत ठेवावी. दुरुस्तीचा निधी वेगळ्या खात्यात ठेवून त्याचा जमाखर्च दर सभेत वाचावा. ठराव लिहून घ्या, सह्या घ्या आणि त्याची प्रत जिल्हा बैठकीला घेऊन या. किती गावांनी ठराव केला, हे तिथे मोजू.