सर्व्हिसिंगचे बिल आणि मिस्त्रीचा पाना

तीर्थपुरीसारख्या गावात मोटारसायकल ही शौकाची वस्तू राहिलेली नाही. सकाळी रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. दुधाचे कॅन लटकवून निघालेला गवळी, कापडाचा गठ्ठा बांधून खेड्यापाड्यांच्या फेरीवर निघालेला आपला फेरीवाला, कारखान्याच्या पाळीला जाणारा कामगार, अंबडला कॉलेजला जाणारी पोरे, दवाखान्यात न्यायची म्हातारी मधे बसवून निघालेले नवरा-बायको. घनसावंगी असो, शहागड असो की कुंभार पिंपळगाव, एसटीच्या वेळेवर ज्याचे पोट भागत नाही त्याने हप्त्यावर का होईना, गाडी घेतलेली आहे. ती बंद पडली की त्या दिवसाची कमाई बंद पडते.

पेट्रोल रुपयाने वाढले तरी आपल्याकडे चहाच्या टपरीवर चर्चा होते. गाडीच्या देखभालीवर जाणाऱ्या पैशाबद्दल मात्र 'शोरूमवाले लुटतात' या एका वाक्यापलीकडे कोणी बोलत नाही. हे वाक्य पूर्ण खोटे नाही, पण त्यावर थांबल्यामुळेच आपले नुकसान होते. म्हणून आधी हिशोब मांडू.

समजा एखाद्याची गाडी रोज चाळीस किलोमीटर चालते. वर्षातले तीनशे दिवस धरले तर बारा हजार किलोमीटर झाले. दर तीन हजारांना सर्व्हिसिंग धरली तर वर्षाला चार वेळा गाडी दाखवावी लागते. यातल्या प्रत्येक वेळचे बिल नीट वाचले तर त्यात मजुरी वेगळी, ऑइल आणि पार्ट वेगळे आणि आपण न मागितलेली कामे वेगळी दिसतात.

मजुरीवर 18 टक्के जीएसटी लागतो. तीनशे रुपये मजुरी असेल तर चोपन्न रुपये कराचे, म्हणजे 354 झाले. इथे लपवाछपवी नाही. ऑइल आणि पार्टचे तसे नाही. डब्यावर किंवा पाकिटावर जी छापील किंमत असते, तिच्यात सगळे कर आधीच धरलेले असतात. बिलात मूळ किंमत आणि कर वेगवेगळे दाखवतात ते ठीक, पण दोन्हींची बेरीज छापील किमतीच्या वर जाता कामा नये. जात असेल तर ती सरळ बेकायदा वसुली आहे. दुसरे असे की 22 सप्टेंबर 2025 पासून दुचाकीच्या पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीचे पाकीट समोर आले तर नवी किंमत काय, हे विचारायला लाजू नये.

न मागितलेली कामे म्हणजे पॉलिश, कोटिंग, इंजिन फ्लश, पेट्रोलमध्ये टाकायची औषधे. जॉब कार्डवर बारीक अक्षरात त्यांच्यापुढे बरोबरची खूण केलेली असते आणि खाली आपली सही असते. पोराला घाई असते, आपल्यालाही असते. बिल फुगते ते बहुतेक वेळा इथे. 'फ्री सर्व्हिसिंग' या शब्दाचाही असाच घोळ आहे. तिथे मजुरी तेवढी फुकट असते. ऑइल आणि पार्टचे पैसे द्यावेच लागतात. 'फुकट म्हणाले आणि पैसे घेतले' म्हणून चिडून लोक पुढची सर्व्हिसिंग सोडून देतात, आणि दिवसांची किंवा किलोमीटरची मुदत टळली की वॉरंटीचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळते.

बिलात न दिसणारा आणखी एक खर्च आहे. छोट्या गावात कंपनीचा सब-डीलर गाडी विकतो, पण जरा मोठे काम निघाले की मुख्य डीलर गाठावा लागतो, म्हणजे आपल्यासाठी अंबड नाही तर जालना. जाण्या-येण्याचे पेट्रोल, तिथे बसून गेलेला दिवस, त्या दिवसाचा बुडालेला रोज. हातावर पोट असलेल्याच्या दृष्टीने चारशे रुपयांची मजुरी महाग नसते. तिच्यासोबत बुडालेली दिवसाची मजुरी महाग असते. शहरातला माणूस गाडी टाकून ऑफिसला जातो आणि संध्याकाळी घेऊन जातो. आपल्याकडे गाडीसोबत माणूसही दिवसभर अडकतो.

म्हणून लोक सर्व्हिसिंग टाळतात, आणि इथेच स्वस्ताई महागात पडते. साध्या शंभर सीसीच्या गाडीत ऑइल असते लिटरभराच्या आसपास. आपल्या भागातली धूळ, उसाच्या हंगामात उखडलेले रस्ते, मागे दोन माणसे आणि पुढे पोते. असे वापरल्यावर ऑइल लवकर काळे पडते आणि कमीही होते. इंजिनमध्ये ते किती उरले हे पाहायला काडी दिलेली असते. गाडी सरळ उभी करून काडी पुसून बघायला दोन मिनिटे लागतात. ती न बघितल्यामुळे पिस्टन आणि बोअर घासले की इंजिन खोलण्याची पाळी येते, आणि एका वेळच्या त्या कामात दोन-तीन वर्षांच्या ऑइलचे पैसे जातात. चेनला वेळेवर ऑइल आणि योग्य ताण न दिल्यास चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलावा लागतो. एअर फिल्टर धुळीने भरला की ॲव्हरेज कमी होते, म्हणजे सर्व्हिसिंगचे वाचवलेले पैसे पेट्रोल पंपावर जातात.

शोरूम दूर आणि महाग, म्हणून आपला आधार रस्त्यावरचा मिस्त्री. त्याची किंमत आपण कधी नीट ओळखली नाही. तो लगेच हात लावतो, उधारी ठेवतो, पार्ट बदलायच्या आधी दुरुस्त होतो का ते बघतो. कार्ब्युरेटर खोलून फुंकर मारून गाडी चालू करून देणारा हा माणूस नसता तर मराठवाड्यातल्या निम्म्या गाड्या दारात गंजल्या असत्या. त्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असते, त्यामुळे त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही आणि त्याच्या मजुरीवर करही लागत नाही.

पण त्याच्याकडेही सगळे गोड नाही. बिल नाही. काढलेला पार्ट परत मिळत नाही. 'ओरिजिनल' म्हणून बसवलेला ब्रेक शू डुप्लिकेट निघाला तर विचारायचे कोणाला? सुट्या ऑइलचा डबा कुठून आला, हे सांगता येत नाही. मिस्त्री आपल्या मोहल्ल्यातला, ओळखीचा, कधी नात्यातला, म्हणून आपण गप्प बसतो. शोरूमच्या पोराशी हुज्जत घालणारे आपण आपल्या माणसाला एक साधी चिठ्ठी मागत नाही. हिशोब दोघांकडूनही मागायला हवा. मापात मारणे हे मापात मारणेच असते, मग काउंटर एसीतला असो की लिंबाखालचा.

आता खरा पेच. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 च्या गाड्या आल्या. कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोल किती जायचे हे आता सेन्सर आणि ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. बिघाड झाला की मीटरवर दिवा लागतो, आणि तो का लागला हे कळायला स्कॅनर लावावा लागतो. फुंकर मारून होणारे काम हे नाही. ज्या मिस्त्रीने वीस वर्षे कानाने इंजिन ओळखले, त्याला नव्या गाडीसमोर 'ही शोरूमला न्या' म्हणावे लागते. जुन्या गाड्या जसजशा संपतील तसे त्याचे काम आटत जाईल, आणि आपला जालन्याचा हेलपाटा वाढत जाईल.

याच मराठवाड्यात वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे. मोटारसायकल बनते आपल्या अंगणात, पण तिचा बिघाड वाचायची विद्या आपल्या गावच्या गॅरेजपर्यंत पोहोचत नाही. हे नुसते नशीब म्हणून सोडून द्यायचे का?

चारचाकीच्या बाबतीत हा प्रश्न आधीच निघाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने या कंपन्या स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा ठपका होता. बाहेर काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. पुढे अपिलात काही कंपन्यांचा दंड कमी झाला, पण मुद्दा कायम आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात वाहनेही येतात. पण पोर्टलवर माहिती असणे आणि तीर्थपुरीच्या मिस्त्रीच्या हातात स्कॅनर असणे यात मोठे अंतर आहे. गाव-खेड्यात दुरुस्तीच्या हक्काचा अर्थ एवढाच की, चालत जाता येईल अशा अंतरावर गाडी नीट करू शकणारा माणूस असावा.

हा माणूस बहुतेक वेळा कोण असतो? नोव्हेंबर 2006 मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या धंद्यांत जास्त आहे ते दाखवले होते. त्यात वाहनदुरुस्ती आहे. शाळा सुटलेले पोर बारा-तेराव्या वर्षी गॅरेजवर 'शिकायला' बसते, हे आपल्याला नवीन नाही. बसू नये ते, शाळेतच असावे, हे पहिले. पण जे आज पंचवीस-तीस वर्षांचे आहेत आणि ज्यांचे घर या पान्यावर चालते, त्यांचे काय? आरक्षण, शिष्यवृत्ती, प्रतिनिधित्व यांवर आपण भरपूर बोलतो. समाजातल्या हजारो घरांची चूल ज्या हुनरावर पेटते, तो हुनर जुना होत चालला आहे, यावर बोलत नाही.

सरकारची प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना 2023 मध्ये आली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार आहे, कुलूपवाला आहे, शिंपी आहे, दुचाकी मिस्त्री नाही. तो असावा, ही मागणी व्हायला हवी. कौशल्य विकास योजनेत, आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. शाळा सोडलेल्या मिस्त्रीला तिचा उपयोग आहे. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. स्कॅनर आणि हत्यारांसाठी छोटे कर्ज मागणारे अर्ज गावोगावून गेले तर तो प्रश्न निदान कागदावर तरी येईल.

आणि काही गोष्टींना सरकार लागत नाही. जकातीच्या पैशातून विधवा बहिणीला शिलाई मशीन देण्याची चांगली पद्धत आपल्याकडे आहे. गरजू मिस्त्रीला हत्यारे आणि महिन्याभराच्या ट्रेनिंगचा खर्च देणे हे त्याच वाटेवरचे काम आहे. एकट्याला स्कॅनर परवडत नसेल तर गावातल्या चार मिस्त्रींनी मिळून एक घ्यावा. स्पर्धा दुकानात राहू द्या, हत्यार सामाईक असायला काय हरकत आहे?

राहिले आपण, गाडी चालवणारे. गाडीसोबत मिळालेले पुस्तक डिकीत कुजू देऊ नका. कोणता पार्ट किती किलोमीटरला तपासायचा आणि कधी बदलायचा याचा तक्ता त्यात असतो. पोराकडून वाचून घ्या. सही करण्याआधी जॉब कार्ड वाचा, नको ते खोडायला लावा. ऑइलचा डबा समोर फोडायला सांगा. काढलेला पार्ट परत मागा. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. 1915 या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या व्यवहाराबाबत दाद मागायला फी लागत नाही. मिस्त्रीकडे छापील बिलबुक नसेल तर साध्या चिठ्ठीवर तारीख, किलोमीटर आणि कामे लिहून घ्या. त्यात अविश्वास नाही. पुढच्या वेळी त्यालाच ती उपयोगी पडते, आणि त्याची मजुरी मजुरी म्हणून दिसते. मग त्या मजुरीत घासाघीस करू नका. शोरूमच्या काउंटरवर निमूट पैसे मोजणारा माणूस मिस्त्रीच्या वीस रुपयांसाठी भांडतो, आणि नंतर गावात चांगला मिस्त्री उरला नाही म्हणून हळहळतो.