तळवा बदलता येतो, फोम नाही

गाझियाबादमध्ये बर्फाचे मैदान नाही. इंदिरापुरम-वैशालीच्या सोसायट्यांत चाकांच्या स्केट्सवर तयार झालेल्या मुलाला आइस हॉकी खेळायची तर गुरुग्रामच्या मॉलमधले रिंक गाठावे लागते, नाहीतर थेट डेहराडून. तिथले हिमाद्री रिंक 2011 साली बांधले गेले, मग कित्येक वर्षे कुलपात राहिले आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाले. रिंकची सोय झाली की किटचा प्रश्न येतो, आणि किटमध्ये सर्वांत जास्त फसगत होते ती ग्लोव्हजमध्ये. स्केट चुकीचा असेल तर पोर पाच मिनिटांत रडकुंडीला येते. ग्लोव्ह चुकला तर कोणी रडत नाही. फक्त स्टिक नीट वळत नाही आणि आपण ‘मनगट सैल सोड’ म्हणून त्याच्यावर खेकसत राहतो.

या चुकीचे मूळ आपल्या क्रिकेटच्या सवयीत आहे. बॅटिंग ग्लोव्हज आपण उजव्या की डावखुऱ्या फलंदाजाचे ते विचारून घेतो, कारण दोन्ही हातांना लागणारे संरक्षण सारखे नसते. मैदानी हॉकीत तर अनेक जण फक्त डाव्या हातात कडक कवचाचा मोजा घालतात. आइस हॉकीत दोन्ही ग्लोव्हज सारखेच भक्कम असतात आणि खेळाडू कोणत्या बाजूने खेळतो हे पाहायची गरज नसते. इथला पक म्हणजे एक इंच जाडीची, साधारण 156 ते 170 ग्रॅम वजनाची कडक रबराची चकती. तिच्याइतकाच त्रास समोरच्याच्या स्टिकचा. म्हणून बोटांच्या पाठीपासून मनगटाच्या वरपर्यंत फोम लागतो. क्रिकेटचा ग्लोव्ह घालून मुलाला बर्फावर उतरवणारे प्रशिक्षक आहेत. त्यांनी हे करू नये, एवढेच म्हणतो. (गोलकीपरची गोष्ट वेगळी, त्याच्या दोन हातांत दोन वेगळी साधने असतात.)

माप इंचात असते. 8-9 लहानग्यांचे, 10 ते 12 शाळकरी मुलांचे, 13 ते 15 मोठ्यांचे. तळवा वर करून चार बोटांच्या मुळापासून कोपराच्या घडीपर्यंत टेप लावा. जितके इंच, तितक्या मापाचा ग्लोव्ह. पण हा आकडा फक्त कोणती जोडी उचलायची ते सांगतो. खरी परीक्षा कोपराचे पॅड चढवून, हातात स्टिक धरून. ग्लोव्हची कड आणि पॅड यांत दोनेक बोटांचे अंतर राहावे. दोन्ही एकमेकांना भिडले तर मनगट अडकते, फट जास्त राहिली तर नेमका तिथेच फटका बसतो. मूठ आवळल्यावर बोटाच्या टोकाला पाव इंचाहून जास्त पोकळी नको, आणि टोक आत टेकायलाही नको.

पालक इथेच हट्ट धरतात: वाढत्या अंगाचे घेऊ, दोन वर्षे चालतील. शर्टाचे ठीक आहे. मोठ्या ग्लोव्हमध्ये तळव्याचे कापड स्टिकभोवती गोळा होते, मूल पकड घट्ट करते आणि चुकीची पकड अंगवळणी पडते. ती मोडायला त्या दोन वर्षांहून जास्त काळ लागतो. मापानंतर घडण पाहायची. बोटांच्या पाठीवर चार जाड पट्ट्या असलेला जुन्या घडणीचा ग्लोव्ह आतून ऐसपैस असतो. बोटांना बिलगणारा आणि मनगटाशी सैल होणारा हा आजचा आवडता प्रकार. आमचे मत विचाराल तर नवशिक्याला पहिलाच बरा. हात चटकन आत-बाहेर होतो आणि मनगट मोकळे राहते.

आता वापरलेल्या मालाबद्दल. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही, आपल्याकडे हा खेळ दुसऱ्यांच्या मदतीवरच वाढला. भारताचा महिला संघ 2016 मध्ये तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला तो लोकवर्गणीच्या बळावर. 2018 मध्ये कॅनडाच्या आइस हॉकीपटू हेली विकेनहायझर लेहला आल्या त्या किटच्या बॅगा घेऊनच. त्याच संघाने 2025 मध्ये अल ऐनला आशिया कपचे कांस्यपदक मिळवले. हेल्मेट मात्र कधीही जुने घेऊ नका. आतला तडा बाहेरून दिसत नाही.

वापरलेला ग्लोव्ह हातात आला की लोक तळवा पाहतात आणि भोक दिसले की ठेवून देतात. उलट करा. आधी बोटांच्या पाठीवरचा फोम अंगठ्याने दाबा. तो लगेच वर आला पाहिजे. खळगा तसाच राहिला तर जोडी फुकटही नको. मग अंगठा मागे वाकवून पाहा. त्यात प्लास्टिकचा तुकडा असतो, फटक्याने अंगठा उलटा वळू नये म्हणून. तो करकरला किंवा सहज मागे गेला तर मोडलेला आहे. तळवा शेवटी. स्टिकच्या वरच्या टोकाशी असणाऱ्या हाताचा तळवा आधी झिजतो. हीटरवर वाळवलेला असेल तर पापडासारखा कडक लागतो. हाताला चांगली पकड यावी म्हणून कोणी तळवा कापून काढला असेल तर असा ग्लोव्ह नियमात बसत नाही. वासाची काळजी करू नका. ग्लोव्ह पंख्याखाली नीट वाळवला तर वास कमी होतो. पावसाळ्यात मात्र किटबॅग बंद ठेवलीत तर बुरशी हमखास.

तळवा शेवटी पाहायचा कारण तो बदलता येतो. कॅनडा-अमेरिकेत जुना तळवा उसवून नवा शिवून देणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या भरवशावर एकेक जोडी वर्षानुवर्षे चालते. आपल्याकडे या कामाची सोय सहज सापडत नाही, आणि आम्हाला याचेच नवल वाटते. गाझियाबादहून मेरठ जेमतेम तासाभरावर. ऑगस्ट 2024 मध्येच नमो भारत गाडी मेरठ साउथपर्यंत पोहोचली. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथे क्रीडासाहित्याचा धंदा वाढवला. बॅटिंग ग्लोव्हजचे मऊ कातडे बोटाबोटाला शिवणारे हात आजही तिथे आहेत. त्यांना आइस हॉकीचा तळवा जड जाणार नाही. नमुना कोणीतरी नेऊन दाखवला पाहिजे.

तेव्हा दिल्ली, गाझियाबाद, नोएडाच्या प्रशिक्षकांनी फाटक्या तळव्याचे, पण फोम शाबूत असलेले ग्लोव्हज टाकून देऊ नयेत. चार-पाच जोड्या जमल्या की एका फेरीत मेरठला न्याव्यात, एक जोडी आधी शिवून घ्यावी आणि रिंकवर वापरून पाहावी. शिवण कशी टिकली, कोणते कातडे वापरले आणि खर्च किती आला, ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.