टेन्शनवरचा उतारा टपरीवर नाही

पुण्यात शास्त्री रोड आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून रात्री स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं खाली उतरतात. कुणी बीडचा, कुणी नांदेडचा, कुणी बुलढाण्याचा. टपरीवर चहा, दोघांत एक सिगारेट आणि गप्पा: कट-ऑफ किती लागेल, जागा कधी निघतील, यंदा नाही झालं तर घरी काय सांगायचं? त्यांचा ताण खोटा नाही. २५ ऑगस्ट २०२४ ला होणारी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी रास्तच होती. पण खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे तारखेसोबत पुढे ढकलले जात नाहीत.

अशा मुलाला 'तंबाखू वाईट' एवढंच ऐकवून काय होणार? ते त्याला पाठ आहे. त्याला सांगायला हवं ते वेगळंच. सिगारेटमधलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड सुरू होते, पुस्तकात लक्ष लागत नाही. पुढची सिगारेट ओढली की बरं वाटतं, कारण आधीच्या सिगारेटनेच लावलेली तलफ तेवढ्यापुरती भागते. परीक्षेचं टेन्शन होतं तिथेच राहतं. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण कमी झाल्याचं त्यात दिसलं.

मग टपरीवर खरंच हलकं का वाटतं? चार मित्र भेटतात, मान वर करून रस्त्याकडे पाहता येतं, मनातलं बोलता येतं, म्हणून. श्रेय मात्र सिगारेट खाऊन जाते. कंपन्यांमध्येही तेच. टीम लीड 'चल, खाली जाऊन येऊ' म्हणतो, तेव्हा नव्या पोराला नाही म्हणणं जड जातं. कामाच्या चार गोष्टी तिथेच कळतात, ओळखी तिथेच होतात.

विदर्भात हे काम खर्रा करतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घोटायचा आणि पन्नी मित्रांपुढे धरायची. घेतला नाही तर 'आपल्यातला नाही' असं होतं. महाराष्ट्राचं खरं दुखणं हेच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे जेमतेम ३.८ टक्के होते, तर न जाळता तंबाखू घेणारे २४.४ टक्के; काही जण दोन्ही करणारे. गुटख्यावर बंदी आली ती २०१२ मध्ये. पुड्या अजून मिळतात.

कायदे आहेतच. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट-बिडी विकायलाही बंदी घातली. ही बंदी तरुणांसाठी सर्वांत मोलाची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असतो, पण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. अख्खं पाकीट घेताना खिसा आठवतो, एक घेताना आठवत नाही. महापालिका आणि पोलिसांनी निदान कॉलेजं आणि अभ्यासिकांच्या परिसरात तरी हा नियम पाळून घ्यावा.

अभ्यासिका चालवणाऱ्यांनी आणि कंपन्यांनीही मुलांना बसून बोलायला एक धूरविरहित जागा आणि हक्काची पंधरा मिनिटं द्यावीत. ज्याला सोडायचं आहे त्याच्यासाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे. तो अभ्यासिकेच्या दारावर ठळक अक्षरांत लावायला खर्च येत नाही. उद्याच लावा.